दोन खेळ, एक खेळाडू : जेमिमा रॉड्रिग्जची गोष्ट



‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. घरी ऐकली असेल, नाहीतर आमच्या, म्हणजे शिक्षकांच्या तोंडून ऐकली असेल. एखादं मूल चित्रकलेच्या परीक्षेला बसतं, तबला शिकतं आणि मैदानावरही पळतं, तेव्हा ही म्हण हमखास बाहेर येते. आजच्या पाठात ही म्हण जरा तपासून बघायची आहे. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे कळायला हवं ना? त्यासाठी आपण काही खेळाडूंचं आयुष्य बघू. त्यातली मुख्य खेळाडू आपल्याच उपनगरातली आहे.

आधी माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात, सातवीत, एक मुलगी होती. सकाळी शाळा भरायच्या आधी खो-खोचा सराव करायची आणि संध्याकाळी मालाडच्याच एका मैदानावर मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. पहिल्या सत्रात तिला गणितात कमी गुण पडले. आई शाळेत आली आणि म्हणाली, “बाई, तुम्हीच सांगा हिला. माझं ऐकत नाही. दोन-दोन खेळ कशाला पाहिजेत?”

मी फार विचार केला नाही. ती म्हण ऐकवली आणि वर म्हटलं, “दोन दगडांवर पाय ठेवलेस तर पडशील. एक खेळ सोड.”

तिनं खो-खो सोडला. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला. पण वर्षभरात तिचा फुटबॉलही सुटला. गणिताचे गुण होते तिथेच राहिले. पुढे बऱ्याच वर्षांनी ती मालाड स्टेशनच्या पुलावर भेटली. आता नोकरी करते. हसून बोलली, चौकशी केली आणि निघता निघता सहज म्हणाली, “बाई, फुटबॉलमध्ये माझं पळणं सगळं खो-खोचं होतं हो. खो-खो सुटला आणि मग तिथेही मजा येईना.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आजचा पाठ त्या वाक्यातूनच निघाला आहे.

दोन देशी संघ, एकच माणूस

एकाच माणसानं दोन खेळांत देशाचं प्रतिनिधित्व करावं, असं जगात घडलं आहे का? घडलं आहे. आयर्लंडचे केविन ओफ्लॅनगन हे त्याचं गाजलेलं उदाहरण. त्यांचा जन्म १९१९ चा. फुटबॉलमध्ये ते आयर्लंडकडून १९३७ मध्ये पहिला सामना खेळले, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. पुढे १९४७ मध्ये रग्बीतही ते आयर्लंडच्या संघात उतरले. फुटबॉलमध्ये चेंडू पायानं खेळवायचा. रग्बीत लांबट अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरचे तुम्हाला अंगावर येऊन पाडणार. दोन्ही खेळ किती वेगळे, बघा!

त्यांचे धाकटे भाऊ मायकेल हेसुद्धा दोन्ही खेळांत आयर्लंडकडून खेळले. १९४६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात तर हे दोघे भाऊ एकाच संघात होते. आणि आणखी एक गंमत. केविन हे पेशानं डॉक्टर होते. लंडनच्या आर्सेनल या नामांकित क्लबकडून ते हौशी खेळाडू म्हणून खेळत. म्हणजे दोन खेळ आणि शिवाय वैद्यकीचा अभ्यास!

पण त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही पाहायला हवी. त्यांच्या उमेदीची वर्षं दुसऱ्या महायुद्धात गेली. त्या काळात आंतरराष्ट्रीय सामने जवळजवळ बंदच होते. खेळाडूच्या हातात सगळं नसतं, हे इथे लक्षात ठेवा.

आपल्या देशात : निवडीची किंमत

आता भारतात येऊ. मद्रासचे एम. जे. गोपालन वेगवान गोलंदाज होते आणि हॉकीपटूही. १९३४ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा स्पर्धेतला अगदी पहिला चेंडू त्यांनी टाकला. त्याच वर्षी जानेवारीत कोलकात्याला ते इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळले होते. १९३५ मध्ये ते ध्यानचंद यांच्याबरोबर हॉकी संघातून न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले.

मग १९३६ साल उजाडलं. त्या वर्षी क्रिकेट संघ इंग्लंडला जाणार होता आणि हॉकी संघ बर्लिन ऑलिंपिकला. एकाच वेळी दोन ठिकाणी कसं जाणार? गोपालन यांनी क्रिकेट निवडलं. इंग्लंडमध्ये त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. आणि तिकडे बर्लिनमध्ये भारतानं अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं.

वाईट वाटलं ना? मलाही वाटतं. पण इथे थांबून विचार करा. निवड करताना त्यांना पुढचं काय दिसत होतं? काहीच नाही. निकाल लागल्यावर आपण शहाणे होतो. निवड करणाऱ्याला मात्र ती अंधारातच करावी लागते.

बंगालचे चुनी गोस्वामी यांची गोष्ट अधिक सुखाची. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. फुटबॉलमधून बाजूला झाल्यावर ते बंगालकडून रणजी क्रिकेट खेळत राहिले. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात ते बंगालचे कर्णधार होते आणि समोर होती आपली मुंबई! सामना मुंबईनं जिंकला, हे वेगळं सांगायला नको. गोस्वामींनी दोन खेळ एकामागून एक खेळले. गोपालन यांना ते एकाच वेळी खेळायचे होते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भांडुपची मुलगी

आता आपल्या घराजवळ या. आपलं मालाड पश्चिम रेल्वेवर, भांडुप मध्य रेल्वेवर. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. नकाशावर सरळ रेघ मारली तर भांडुप फार लांब नाही, पण लोकलनं जायचं तर दादरला गाडी बदलावी लागते. त्या भांडुपमध्ये जेमिमा रॉड्रिग्ज लहानाची मोठी होऊ लागली. तिचा जन्म ५ सप्टेंबर २०००, म्हणजे शिक्षकदिनाचा! घरात दोन मोठे भाऊ आणि वडील इव्हान. वडीलच तिचे पहिले प्रशिक्षक. खेळाच्या चांगल्या सोयी मिळाव्यात म्हणून हे कुटुंब भांडुपहून वांद्र्याला राहायला गेलं. मुंबईत घर बदलणं म्हणजे काय, हे तुमच्या आईबाबांना विचारा. मुलांच्या खेळासाठी तेवढं करणारी घरं फार नाहीत.

वांद्र्याच्या सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट शाळेत ती शिकली. तिथे वडील प्रशिक्षण देत असत. मुलींचा क्रिकेट संघ उभा करण्यात त्यांचा हात होता. जेमिमा अगदी लहानपणापासून भावांबरोबर क्रिकेट खेळत होती. पण तिच्या हातात आणखी एक काठी होती, हॉकीची. आणि ती नुसती हौस नव्हती बरं का! महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील हॉकी संघांत तिची निवड झाली होती. दुसरीकडे वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास ती १९ वर्षांखालील राज्यस्तरीय क्रिकेटमध्ये पोहोचली. आपल्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या मुलींबरोबर!

म्हणजे शाळेच्या वयात ही मुलगी दोन खेळांत राज्य पातळीवर होती. ‘भाराभर चिंध्या’ म्हणायचं का हिला?

निवड

पण एक दिवस तिलाही निवड करावी लागली. वरच्या पातळीवर दोन्ही खेळांची शिबिरं, स्पर्धा आणि प्रवास एकमेकांवर येतात. गोपालन यांच्यासमोर जो प्रश्न १९३६ मध्ये होता, तोच इथेही होता. जेमिमानं क्रिकेट घेतलं.

आज मागे वळून बघताना ही निवड सोपी वाटते. तेव्हा ती तशी नव्हती. २०१६ मध्ये भारताचा महिला हॉकी संघ ३६ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये खेळला होता. म्हणजे हॉकीची वाट बंद नव्हती, उलट उघडत होती. महिला क्रिकेटमध्ये आजच्यासारखा पैसा आणि प्रसिद्धी नव्हती. महिला प्रीमियर लीग सुरू झाली ती २०२३ मध्ये. तेव्हा दिल्लीच्या संघानं जेमिमाला २ कोटी २० लाख रुपयांना घेतलं. पण शाळकरी जेमिमानं बॅट निवडली तेव्हा असली स्पर्धा अस्तित्वातच नव्हती. तिनं खेळ निवडला, बाजारभाव बघून नव्हे.

पुढचा प्रवास

नोव्हेंबर २०१७. १९ वर्षांखालील मुलींच्या पन्नास षटकांच्या सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध जेमिमानं १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा केल्या. त्याआधी २०१३ मध्ये सांगलीच्या स्मृती मानधनानं अशीच द्विशतकी खेळी केली होती. पुढे तीन महिन्यांत, १३ फेब्रुवारी २०१८ रोजी, जेमिमा दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताकडून पहिला टी-ट्वेंटी सामना खेळली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तुमच्यापैकी काही जण त्या वयात बारावीच्या परीक्षेची तयारी करत असाल.

मग सगळं सरळ झालं का? नाही. २०२२ च्या एकदिवसीय विश्वचषकासाठी तिची संघात निवडच झाली नाही. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतानं रौप्यपदक जिंकलं, त्या संघात ती होती. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तिनं पहिली कसोटी खेळली आणि ६८ धावा केल्या.

२०२५ चा विश्वचषक भारतात आला. सुरुवातीच्या सामन्यांत जेमिमा दोनदा शून्यावर बाद झाली. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघाबाहेर बसावं लागलं. पुढच्याच सामन्यात परत घेतलं तेव्हा तिनं न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ धावा केल्या.

आणि मग ३० ऑक्टोबर २०२५ चा उपांत्य सामना. पुन्हा डी. वाय. पाटील स्टेडियम. समोर सात वेळा विश्वविजेती ठरलेली ऑस्ट्रेलिया. त्यांनी ३३८ धावा केल्या. भारताला ३३९ हव्या होत्या. आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे जेमिमाला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं, असं तिनंच नंतर सांगितलं. कर्णधार हरमनप्रीत कौरबरोबर तिनं १६७ धावांची भागीदारी केली. हरमनप्रीत ८९ वर बाद झाली. जेमिमा शेवटपर्यंत टिकली, १३४ चेंडूंत नाबाद १२७. शतक झाल्यावर तिनं जल्लोषही केला नाही, कारण सामना अजून संपला नव्हता. भारतानं ४८.३ षटकांत ३४१ धावा करून सामना जिंकला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तो तोवरचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग होता. सामन्यानंतर ती रडली. स्पर्धेदरम्यान आपल्याला मनाची खूप घालमेल आणि भीती सहन करावी लागली, हेही तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतानं हा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला.

थोडं गणित करू

आता वही घ्या. १२७ धावांच्या त्या खेळीत जेमिमानं १४ चौकार मारले. षटकार एकही नाही. चौकारांच्या धावा किती? १४ × ४ = ५६. मग उरल्या किती? १२७ − ५६ = ७१. या ७१ धावा तिनं खेळपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून काढल्या. निम्म्याहून जास्त! शिवाय जोडीदाराच्या एकेरी-दुहेरी धावांसाठीही तिलाच पळावं लागलं, ते वेगळंच. आणि त्याआधी ऑस्ट्रेलियाचा डाव संपेपर्यंत क्षेत्ररक्षण केलं होतं, तेही धरा.

हे पळणं आलं कुठून? हॉकीमुळेच आलं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. क्रिकेटचा सरावही तिनं भरपूर केला आहे. पण हॉकी काय शिकवते ते बघा. चेंडू बहुतेक वेळ जमिनीवर, म्हणून खेळाडू सतत कमरेत वाकलेला. थांबायचं, वळायचं, पुन्हा जोरात पळायचं, असं एका सामन्यात साठ मिनिटं. मनगट मोकळं ठेवून चेंडूला दिशा द्यायची. दोन खेळाडूंमधली मोकळी जागा ओळखायची. आता जेमिमाची फलंदाजी आठवा. ताकदीपेक्षा मनगटावर भर, खाली वाकून मारलेला स्वीपचा फटका, क्षेत्ररक्षकांमधल्या फटी शोधणं, चपळ क्षेत्ररक्षण. खो-खोतलं पळणं फुटबॉलमध्ये उतरतं, हे माझ्या विद्यार्थिनीला सातवीत कळलं होतं. मला कळायला पुलावरची ती भेट व्हावी लागली.

मग आपण काय करायचं?

पालकहो, हा भाग तुमच्यासाठीही आहे.

पहिली गोष्ट : लहान वयात, साधारण सातवी-आठवीपर्यंत, मुलाला एकापेक्षा जास्त खेळ खेळू द्या. वाढत्या वयात एकाच खेळाच्या त्याच त्याच हालचाली सतत केल्या तर त्याच सांध्यांवर ताण येतो. वेगवेगळे खेळ खेळले की शरीर सगळीकडून तयार होतं आणि मूल कंटाळतही नाही.

दुसरी गोष्ट : ‘एक ना धड’ ही म्हण कधी लागू पडते? मूल कुठल्याच सरावाला वेळेवर जात नाही, सगळं अर्धवट सोडतं, तेव्हा. दोन खेळ मन लावून खेळणाऱ्या मुलाला ती लागू पडत नाही. म्हण वापरण्याआधी मुलाचं मैदानावरचं वागणं एकदा जाऊन बघा. मी ते केलं नव्हतं.

तिसरी गोष्ट : निवडीची वेळ येईल तेव्हा ती मुलानं करावी. दोन्ही खेळांच्या तारखा एकमेकांवर येऊ लागल्या की ती वेळ आली असं समजा. आपण माहिती द्यावी, खर्चाचा हिशेब सांगावा, प्रशिक्षकांशी बोलावं. पण गणितात गुण कमी पडले म्हणून खेळ काढून घेऊ नये. गुण कमी पडले तर गणित शिकवावं. ते काम आमचं आहे.

चौथी गोष्ट : निवड चुकली असं नंतर वाटलं, तरी खेळलेलं वाया जात नाही. गोपालन यांचं सुवर्णपदक हुकलं, पण दोन खेळांत देशाकडून खेळलेला माणूस म्हणून आजही आपण त्यांचं नाव घेतो आहोत.

मित्रमैत्रिणींनो, जेमिमाची गोष्ट वाचून सगळेच विश्वचषक जिंकतील असं नाही. माझी ती विद्यार्थिनीही कदाचित जिंकली नसती. पण तिला पळायला आवडत होतं आणि ते तिचं तिच्याकडे राहायला हवं होतं. आता माझ्या वर्गात कुणी दोन खेळ खेळत असेल, तर मी आधी विचारते, “दोन्हींतलं काय आवडतं ते सांग बघू.” उत्तर ऐकायला वेळ लागतो, पण ऐकते.

स्वाध्याय

१. केविन ओफ्लॅनगन आणि एम. जे. गोपालन यांच्या कारकिर्दीतलं एक साम्य आणि एक फरक लिहा.

२. नाबाद १२७ पैकी पळून काढलेल्या धावा शेकडा किती होतात? उत्तर पूर्णांकात लिहा.

३. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ आणि ‘दोन दगडांवर पाय ठेवणे’ यांचे अर्थ लिहून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.

४. तुम्ही खेळता त्या खेळातली कोणती हालचाल दुसऱ्या खेळात उपयोगी पडेल? आठ ते दहा ओळी लिहा.

५. घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा : “तुमचा कोणता खेळ सुटला आणि का?” त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. सोमवारी वर्गात वाचू.